स्टीलच्या सळईचा वायदा : 'आठ दिवस' कोठून मोजायचे?

पावसाळा सरत आला की फर्दापूरच्या फाट्यावर कामाची गर्दी सुरू होते. अजिंठ्याच्या लेण्यांना जाणाऱ्या पर्यटकांच्या खासगी गाड्या येथेच थांबतात व पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जावे लागते. हंगाम लागण्यापूर्वी हॉटेलवाल्यांना जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या, भटारखान्यातील स्टँड, कबाबाच्या सळया असे सगळे एकदमच हवे असते. शेतकऱ्यांना पंपाचे शाफ्टही याच वेळी बदलून हवे असतात. कारागिराचा हात तयार असतो, वेल्डिंगची मशीन तयार असते. काम अडते ते मालापाशी.

व्यापारी म्हणतो, "आठ दिवसांत माल देतो." त्या भरवशावर कारागीर गिऱ्हाइकाला तीन आठवड्यांचा वायदा करतो व विसार घेतो. आठाचे वीस दिवस होतात. गिऱ्हाईक दारात येऊन बसते, घेतलेला विसार मालात अडकलेला असतो आणि हंगाम निघून जातो. अशा वेळी व्यापारी खोटे बोलला असे आपण म्हणतो. ते दर वेळी खरे नसते. अनेकदा त्याचे आठ दिवस एका ठिकाणाहून मोजलेले असतात आणि आपले दुसऱ्या ठिकाणाहून. सबब मुदतीचा आकडा ऐकण्यापूर्वी तो कशाचा बनलेला आहे हे समजून घेतले पाहिजे.

जालन्याचे स्टील आणि आपले स्टील

प्रथम एक गैरसमज दूर करू. जालना ही स्टीलची नगरी आहे आणि ती आपल्याला जवळ आहे, तेव्हा माल पटकन मिळेल असे नवख्या कारागिरास वाटते. पण जालन्याच्या रोलिंग मिलची ख्याती आहे ती स्लॅबच्या व कॉलमच्या टीएमटी सळईसाठी. ते साधे पोलाद होय. आपण बोलीभाषेत ज्याला 'स्टील' म्हणतो ते न गंजणारे स्टेनलेस स्टील निराळे, त्याची भट्टी निराळी आणि त्याचा बाजारही निराळा.

स्टेनलेस बार बनवणारे मोठे कारखाने पालघर जिल्ह्यातील तारापूर-बोईसर पट्ट्यात, गुजरातेत उंबरगावला आणि भंडाऱ्याजवळ वरठी येथे आहेत. मोठा साठा मुंबईच्या गुलालवाडी-खेतवाडी भागातील पेढ्यांकडे व नवी मुंबईत कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळतो. जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील व्यापारी नेहमीची मापे ठेवतात, बाकीचा माल मागवून देतात. त्यामुळे पहिला प्रश्न 'किती दिवस?' हा नसून 'माल आज कोठे आहे?' हा असला पाहिजे.

मालाच्या तीन अवस्था

पहिली अवस्था म्हणजे माल व्यापाऱ्याच्या रॅकमध्ये पडून आहे. ३०४ जातीचा १०, १२, १६ किंवा २५ मि.मी.चा गोल बार बहुधा असा मिळतो. येथे वजन, कापणी, बिल व गाडी एवढेच दिवस लागतात.

दुसरी अवस्था म्हणजे माल मुंबईच्या पेढीकडे आहे आणि आपला व्यापारी तो मागवणार आहे. येथे वाहतूक दोनदा होते आणि पैशाचा व्यवहारही दोनदा होतो.

तिसरी अवस्था म्हणजे माल अजून लाटायचाच आहे. वेगळे माप, ३१६ किंवा ४२० सारखी कमी खपाची जात, षटकोनी बार, ठरावीक लांबी अशा मागणीला ही वेळ येते. येथे साधारण महिना ते दोन महिने धरून चालावे.

तिसऱ्या अवस्थेत इतके दिवस का लागतात? भंगार व क्रोम-निकेलसारखे धातू वितळवून, शुद्ध करून त्याचे बिलेट ओततात. बिलेट तापवून मिलमध्ये लाटतात. ३०४ चा बार सुमारे १०५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झपाट्याने थंड करतात, तेजाबात धुतात, सरळ करतात. चकचकीत ब्राइट बार हवा असेल तर त्यावर सोलणे, ओढणे किंवा ग्राइंडिंग हे आणखी काम असते. शेवटी तपासणी होऊन प्रमाणपत्र निघते. शिवाय मिल रोज सर्व मापे लाटत नाही. माप बदलायचे तर रोल बदलावे लागतात, म्हणून एका मापाच्या बऱ्याच मागण्या गोळा करून एकदाच लाटणी होते. आपले माप कालच लाटून झाले असेल तर पुढची पाळी येईपर्यंत थांबावे लागते.

येथे छोट्या कारागिराची खरी अडचण आहे. १२ मि.मी. गोल बारचे वजन काढून पाहा. व्यास गुणिले व्यास गुणिले ०.००६२३ हे एका मीटरचे किलो होतात. म्हणजे मीटरला सुमारे ९०० ग्रॅम व सहा मीटरच्या नगाला ५.३८ किलो. साठ नग घेतले तरी ३२३ किलोच भरतात. कारखान्याची एक भट्टी कित्येक टनांची असते. ३२३ किलोसाठी कोणी भट्टी लावत नाही. म्हणून जे माप बाजारात तयार मिळते त्यातच कठड्याचा नमुना बसवावा. १३ मि.मी.च्या हट्टापायी दीड महिना घालवण्यापेक्षा गिऱ्हाइकाला आधीच १२ मि.मी. दाखवलेला बरा. दोघा-चौघा कारागिरांनी मिळून एका मापाची एकच मागणी दिली तर व्यापारीही ती मनावर घेतो.

मुदत कोठे सुरू होते, कोठे संपते?

व्यापाऱ्याचे दिवस बहुधा पैसे जमा झाल्यापासून सुरू होतात. आपण मात्र फोनवर बोलणे झाल्यापासून मोजतो. मधे कोटेशन, होकार व बँकेत रक्कम जमा होणे यांत तीन-चार दिवस सहज जातात. मुदत संपते कोठे, हेही विचारावे. 'गोदाम डिलिव्हरी' म्हणजे माल त्याच्या गोदामातून निघाला की त्याची जबाबदारी संपली. फर्दापूरला पोहोचण्याचे दिवस त्यात धरलेले नसतात. 'आठ दिवस' म्हणजे कामाचे आठ दिवस की सुट्ट्या धरून, हाही प्रश्न त्यातच आला.

भाव किती दिवस टिकेल हेही मुदतीशी जोडलेले आहे. ३०४ मध्ये सुमारे आठ टक्के निकेल असते. ८ मार्च २०२२ रोजी लंडनच्या धातू बाजारात निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला आणि व्यवहार थांबवावे लागले. भाव असे उसळले की व्यापारी जुन्या भावाचा माल सोडायला कचरतो. म्हणून कोटेशनवर भावाची मुदत लिहून घ्यावी व त्या मुदतीतच पैसे भरावेत.

रस्त्याचे दिवस

मुंबईहून येणारा किरकोळ माल एकाच गाडीने फर्दापूरला येत नाही. ट्रान्सपोर्टवाला गाडी भरेपर्यंत थांबतो, माल त्याच्या संभाजीनगर किंवा जळगावच्या गोदामात उतरतो आणि तेथून दुसरी गाडी करावी लागते. संभाजीनगरहून फर्दापूर सुमारे शंभर किलोमीटर आहे व वाटेत अजिंठ्याचा घाट उतरावा लागतो. जळगावकडून पहूरमार्गे अंतर याच्या सुमारे निम्मे आहे. तेव्हा माल कोणत्या गोदामात उतरवायचा हे मागणी देतानाच सांगावे.

सहा मीटरचा बार लहान टेम्पोत मावत नाही. कामात तीन मीटरचे तुकडे चालत असतील तर व्यापाऱ्याकडूनच कापून घ्यावेत. गाडी लवकर मिळते व भाडेही वाचते. परराज्यातून येणारा माल पन्नास हजार रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल लागते. बिलावरचा जीएसटी क्रमांक किंवा पत्ता चुकला की माल तेथेच थांबतो.

सुट्ट्यांचा हिशेब दोन पंचांगांनी करावा लागतो. दिवाळीत मुंबईच्या पेढ्या व कारखाने बंद असतात आणि मजूर गावी गेलेले असतात. रमजानच्या अखेरीस व ईदला आपली कार्यशाळा बंद असते आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. माल आला पण हात नाहीत, अशी वेळ येऊ देऊ नये.

घाईत जात बदलू नये

मुदत टळू लागली की काही ठिकाणी सुचवले जाते, "३०४ नाही, पण २०२ लगेच देतो, सारखेच आहे." ते सारखे नाही. २०२ मध्ये निकेल कमी व मँगनीज जास्त असते आणि गंजाला ते कमी टिकते. चुंबक लावून फरक कळत नाही, कारण सर्वसाधारणपणे दोन्हींना चुंबक धरत नाही. म्हणून प्रमाणपत्रावरचा हीट नंबर बारवरच्या किंवा गठ्ठ्याच्या बिल्ल्यावरच्या नंबराशी ताडून पाहावा. जात बदलायचीच असेल तर गिऱ्हाइकाला सांगून व भाव कमी करून बदलावी.

तोंडी नव्हे, लेखी

पूर्ण रक्कम आगाऊ देऊन माल पुढे घेण्याच्या व्यवहाराला फिकहमध्ये बैअ सलम म्हणतात. त्यात मालाची जात, वजन-माप व मुदत आधी निश्चित असणे ही अट आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्यास सांगितले आहे. आपण मात्र 'भाईजान, होऊन जाईल' यावर काम चालवतो.

कायदाही हेच सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या ५५ व्या कलमानुसार मुदत ही व्यवहाराची मुख्य अट असेल आणि माल वेळेत आला नाही, तर घेणाऱ्याला करार रद्द करता येतो. पण उशिरा आलेला माल काही न बोलता ठेवून घेतला तर मग उशिराची भरपाई मागता येत नाही. तसा दावा करायचा असेल तर माल घेतानाच तशी सूचना द्यावी लागते. म्हणून मागणीपत्रावर जात, माप, लांबी, नग व वजन, तारीख, पोहोचवण्याचे ठिकाण आणि 'मुदत ही मुख्य अट आहे' एवढे अवश्य लिहावे.

उलटा हिशेब

समजा हॉटेलवाल्याला १ ऑक्टोबरला कठडा हवा आहे. कापणी, वेल्डिंग व पॉलिशला १२ दिवस, बसवायला ३ दिवस आणि अडीअडचणीसाठी ५ दिवस धरा. म्हणजे माल ११ सप्टेंबरला कार्यशाळेत हवा. तयार मालाला बिल-कापणीचे २ व रस्त्याचे ४ दिवस धरले तर ५ सप्टेंबरपर्यंत पैसे भरलेले हवेत. तोच माल लाटून घ्यायचा असेल व त्यास ४५ दिवस लागत असतील, तर मागणी २२ जुलैलाच गेली पाहिजे. गिऱ्हाईक ऑगस्टमध्ये आले असेल तर विसार घेण्यापूर्वीच त्याला सांगावे की हे माप वेळेत होणार नाही, तयार मापात नमुना बदलू या.

असे स्पष्ट सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक परत जाईलही. पण जो कारागीर दिलेल्या तारखेला कठडा उभा करतो, त्याच्याकडे पुढच्या हंगामात हॉटेलवाला स्वतः येतो आणि व्यापारीही त्याला माल आधी सोडतो.