एन्चिलाडा आणि सौम्य मिरचीचे घराणे

मेक्सिकोचे नाव निघाले की आपल्याकडील सुविद्य वाचकाच्या मनापुढे जिभेला फोड आणणाऱ्या जहाल तिखटाचेच चित्र प्रथम उभे राहते. आणि ते सर्वस्वी निराधार आहे असेही नाही, कारण हाबानेरोसारखी अतिदाहक मिरची त्या देशाच्या युकातान प्रांतात नित्याच्या जेवणात असते. तथापि त्याच देशाच्या मध्यभागातील घरोघरच्या स्वयंपाकात, विशेषतः एन्चिलाडा या पदार्थाला ज्याच्यामुळे रंग, रूप आणि प्रतिष्ठा प्राप्त होते त्या लाल रश्शात, एक अत्यंत सौम्य, गोडसर आणि गंभीर चवीचे तिखट पिढ्यान् पिढ्या नांदत आले आहे. हे सौम्यत्व मिरचीचे प्रमाण घटवून साधत असावे, असा आपला सहज समज होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. डझनभर एन्चिलाडांच्या रश्शाला वाळलेल्या मोठ्या मिरच्या आठ-नऊ लागतात. रश्श्याचा रंग त्यांचा, दाटपणा त्यांचा आणि स्वादही त्यांचाच असतो. आणि इतकी मिरची पोटात जाऊनही लहान मूल तो रस्सा निर्धास्तपणे चाटून खाते, याचे रहस्य मिरचीच्या निवडीत आणि तिच्यावर होणाऱ्या संस्कारात आहे.

प्रथम पदार्थाची ओळख करून देणे उचित होईल. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, धुऊन वाटले म्हणजे जे पीठ होते त्याची हातावर थापलेली पातळ भाकरी म्हणजे तोर्तिया. चुन्याच्या या संस्काराने दाण्याचे साल सुटते, कॅल्शियमची भर पडते आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. तो संस्कार सोडून नुसत्या मक्यावर राहणाऱ्या युरोपातील व अमेरिकेतील दरिद्री वस्त्यांत पेलाग्रा नावाच्या रोगाने पुढे मोठा उच्छाद मांडला. अशी तोर्तिया गरम लाल रश्शात बुडवायची, तिच्यात चीज, कोंबडीचे मांस किंवा घेवड्याचे सारण भरायचे, ती गुंडाळायची वा दुमडायची, आणि वरून कांदा व चुरलेले चीज पसरून वाढायची, एवढाच एन्चिलाडाचा तपशील. प्रांताप्रांतात त्यात फेरफार होतात. सान लुइस पोतोसीला मिरचीचे वाटण पिठातच मळतात. ओआहाकाकडे रश्श्याच्या जागी मोले नावाचे दाट, मसालेदार कालवण येते. आणि सरहद्दीपलीकडील न्यू मेक्सिकोत तोर्तिया न गुंडाळता एकावर एक रचून माथ्यावर तळलेले अंडे ठेवतात.

मेक्सिकोत मिरचीचे स्थान काय होते याची रुजुवात सोळाव्या शतकातील दोन दस्तऐवजांवरून होते. पहिला दस्तऐवज म्हणजे स्पॅनिश अमलाच्या आरंभीच्या काळात, सुमारे 1541 साली, सिद्ध झालेली आणि सांप्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात असलेली, मेंदोसाच्या नावाने ओळखली जाणारी चित्रपोथी. तीत अझ्टेक सम्राटाच्या मांडलिक मुलखांतून कोणकोणता जिनसी वसूल राजधानीत येत असे त्याची चित्रमय जमाबंदी आहे, आणि कापडाच्या ठाणांबरोबर, पिसांबरोबर, कोकोच्या दाण्यांबरोबर वाळलेल्या मिरच्यांचे भारेही तीत काढलेले आहेत. दुसरा दस्तऐवज फ्रान्सिस्कन संन्यासी बेर्नार्दिनो दे साहागून याने सिद्ध केलेला. 1529 साली मेक्सिकोत आलेल्या या पुरुषाने तेथील वृद्धांना प्रश्न विचारून, त्यांची उत्तरे त्यांच्याच नाहुआत्ल भाषेत लिहवून घेऊन आणि शेजारच्या स्तंभात स्पॅनिश मजकूर देऊन बारा भागांचा जो प्रचंड ग्रंथ रचला, त्याच्या दहाव्या भागात बाजारातल्या विक्रेत्यांची वर्णने येतात. मिरची विकणाऱ्याकडे कोणता माल असतो, याची तेथे लांबलचक यादी आहे: सौम्य लाल मिरची, रुंद मिरची, तिखट हिरवी मिरची, पिवळी मिरची, धुरावलेली मिरची, आणखी कितीतरी. त्याच ओघात, लबाड विक्रेता सडका आणि दुर्गंधीचा माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात कसा मारतो, हेही सांगितले आहे. मला या यादीचे महत्त्व फार वाटते. सौम्य मिरची ही परक्यांच्या नाजूक जिभेसाठी मागाहून काढलेली सवलत नसून, मूळ रहिवाशांच्या बाजारात ती स्वतंत्र नावाने आणि स्वतंत्र मानाने विकली जात होती, ही गोष्ट तीवरून निर्विवाद ठरते. मेक्सिकोतल्याच तेहुआकानच्या खोऱ्यातील गुहांत सापडलेले मिरचीचे अवशेष हजारो वर्षांपूर्वीचे आहेत. इतक्या दीर्घ सहवासात माणसाने त्या झाडातून केवळ दाहच वेचला असता, तर ती त्याच्या रसिकतेची नामुष्की ठरली असती.

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर दहा वर्षांनी, 1831 साली, मेक्सिको शहरात ‘एल कोसिनेरो मेहिकानो’ हा पाकशास्त्राचा तीन खंडांचा ग्रंथ छापला गेला आणि त्यात एन्चिलाडाला रीतसर स्थान मिळाले. तोपर्यंत स्पॅनिशांनी आणलेली गुरे, त्यांचे चीज, डुकराची चरबी, लसूण, कांदा आणि जिरे यांची वहिवाट मेक्सिकोच्या चुलीवर पक्की झालेली होती. म्हणून आज आपण ज्याला एन्चिलाडाचा रस्सा म्हणतो त्यात दोन खंडांचा संसार मांडलेला दिसतो.

आता खुद्द मिरचीकडे वळू. या रश्शाचा भार मुख्यतः दोन जातींवर असतो. आंचो ही पोब्लानो नावाची मोठी मिरची पिकून वाळल्यावर होते. ती तळहाताएवढी रुंद, सुरकुतलेली, जवळजवळ काळी दिसते, पण उजेडापुढे धरली तर तिच्या सालीतून गडद माणकाचा रंग फाकतो. आणि नाकाशी नेली तर मनुका, सुके आलुबुखार आणि किंचित कोको यांचा वास येतो. ग्वाहियो ही लांब, गुळगुळीत, तांबूस आणि चिवट सालीची. तिला थोडी आंबूस धार असते. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल याने 1912 साली तिखटपणा मोजण्याची जी पद्धत घालून दिली तिच्या मापाने आंचो हजार ते दोन हजारांच्या घरात, ग्वाहियो अडीच ते पाच हजारांच्या घरात, आणि हाबानेरो लाखाच्याही वर जाते.

मिरचीचा दाह ज्या कॅप्सेसिन द्रव्यामुळे होतो ते बियांत तयार होत नाही. फळाच्या आत देठापासून खाली उतरणारा जो पांढुरका, मऊ गाभा असतो आणि ज्याला बिया चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यातील ग्रंथींत ते निर्माण होते. बियांना लागते ते केवळ संगतीने. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि दुधातुपात मात्र मिसळते. म्हणून तिखट लागल्यावर पाण्याचा घोट व्यर्थ जातो आणि दूध उपयोगी पडते. डेव्हिड ज्यूलियस यांनी 1997 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात जो चेतापेशीवरील ग्राहक शोधून काढला, आणि ज्या संशोधनाला 2021 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो कॅप्सेसिनला आणि प्रत्यक्ष चटक्याच्या उष्णतेला सारखाच प्रतिसाद देतो. तिखटाने तोंड ‘भाजले’ असे आपण म्हणतो त्यात शरीराच्या दृष्टीने अतिशयोक्ती नाही.

सौम्य मिरचीच्या इतिहासात एका पुरुषाचे नाव आदराने घ्यावे असे आहे. फाबियान गार्सिया 1871 साली मेक्सिकोच्या चिवावा प्रांतात जन्मला, बालपणीच पोरका झाला, आजीबरोबर सरहद्द ओलांडून न्यू मेक्सिकोत आला आणि लास क्रूसेस येथील कृषी महाविद्यालयाच्या 1894 सालच्या पहिल्या पदवीधरांत त्याने स्थान मिळविले. त्या काळी शेतकऱ्याच्या एकाच वाफ्यात एक मिरची गोड निघे तर दुसरी जाळीत जाई. आकार वेगळा, साल वेगळी, पिकण्याचा हंगाम वेगळा. गार्सियाने स्थानिक वाण गोळा करून वर्षानुवर्षे निवड आणि संकर केले, आणि 1921 साली ‘न्यू मेक्सिको क्रमांक 9’ ही जात शेतकऱ्यांच्या हाती दिली: मोठी, मांसल, निमुळती, सोलण्यास सोपी आणि मुद्दाम सौम्य ठेवलेली. मिरची न खाणाऱ्या शेजाऱ्यानेही ती घरी न्यावी आणि त्या योगे गरीब शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळावे, हा त्यात हेतू होता. पुढची सौम्य वाणे याच जातीच्या वंशात निपजली. 1948 साली तो निवर्तला तेव्हा आपली मालमत्ता त्याने गरीब विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी ठेवली होती. सौम्य मिरचीचा विचार करताना बाजारपेठेआधी मला हा मनुष्य आठवतो.

बाजारपेठेचा मार्ग निराळा होता. टेक्सासमधील विल्यम गेबहार्ट या जर्मन उपाहारगृहवाल्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आंचो मिरची वाळवून, दळून, जिरे वगैरे मिसळून बाटलीत भरली आणि हंगामी वस्तू बारमाही केली. या भुकटीतून, तेलात परतलेल्या गव्हाच्या पिठाने दाट केलेला जो रस्सा टेक्सासमध्ये रूढ झाला, त्याची स्वतःची परंपरा आहे आणि तिला हिणविण्याचा माझा इरादा नाही. परंतु दाटपणा पिठाने आला की मिरचीचा गर घालण्याची निकड उरत नाही, आणि मग चवीची पोकळी भरण्यासाठी टोमॅटो, साखर आणि मीठ यांची भरती सुरू होते. घरी करावयाचा रस्सा अख्ख्या मिरचीचाच करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याची कृती अशी. आंचो तीन आणि ग्वाहियो सहा घ्याव्या. मिरची वाकविली असता चामड्यासारखी लवावी, कडकडून मोडली तर ती जुनी समजावी. ओल्या फडक्याने पुसून, देठ काढून, बाजूने उभी चीर द्यावी, आणि बियांसह आतला पांढुरका गाभा बोटांनी खरवडून टाकावा. सौम्यत्वाचा निम्मा कारभार येथेच उरकतो. मग मध्यम तापलेल्या तव्यावर एकेक मिरची उलथन्याने दाबून प्रत्येक बाजूस दहा-पंधरा सेकंद धरावी. या क्षणी सारे लक्ष तव्यावर हवे. साल किंचित फुगते, तिचा रंग विटकरीकडे झुकतो आणि गोड वास सुटतो, तेथेच थांबावे. खकाणा उठून घरातल्यांना ठसका लागला, तर ती मिरची करपली. आणि करपलेल्या एका मिरचीचा कडूपणा साऱ्या रश्शात उतरतो, त्यावर नंतर इलाज नाही. भाजलेल्या मिरच्या उकळत्या नव्हे, कढत पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवाव्या. ते पाणी चाखून पाहावे. कडसर लागले तर ओतून द्यावे.

त्याच तव्यावर पाव कांदा आणि सालीसकट दोन लसणीच्या पाकळ्या डाग पडेपर्यंत भाजाव्या, पाकळ्या सोलाव्या, आणि मिरचीबरोबर अर्धा चहाचा चमचा जिरे, एक चमचा मेक्सिकन ओरेगानो व थोडे पाणी घालून गंधासारखे बारीक वाटावे. हा ओरेगानो भूमध्य समुद्राकाठच्या ओरेगानोहून वेगळ्याच कुळातील वनस्पती आहे. तो न मिळाल्यास दुसरा निम्मा घालावा. जिऱ्याच्या बाबतीत आपला हात सैल असतो. येथे तो आखडावा, नाहीतर रस्सा आपल्या आमटीच्या वळणावर जातो. पूर्वी हे वाटण मेताते या आपल्या पाट्याशी सख्खे नाते सांगणाऱ्या दगडावर होत असे. आता यंत्राने होते, पण ग्वाहियोची साल यंत्रालाही दाद देत नाही, म्हणून वाटण गाळणीतून दाबून काढणे चुकवू नये.

यापुढची पायरी परदेशी पुस्तकांत पुष्कळदा गाळली जाते, आणि माझ्या मते रश्श्याचा जीव तीत आहे. जाड बुडाच्या भांड्यात दोन मोठे चमचे तेल तापवून गाळलेले वाटण त्यात एकदम ओतावे. ते चरचरते, उडते, म्हणून झाकण हाताशी असावे. आणि पाच-सात मिनिटे सतत हलवीत राहावे. मिरचीचा लाल रंगही तेलातच विरघळणारा असल्यामुळे वाटणाचा भगवेपणा जाऊन तो गडद, तुकतुकीत होतो, कच्चा वास मावळतो आणि कडेने तेल सुटू लागते. मग दोन वाट्या भाज्यांचे किंवा कोंबडीचे कढण व मीठ घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे रस्सा पळीवाढा होऊ द्यावा. एवढ्यावरही धार जाणवली तर पाणी न वाढविता वाढताना वर दाट साय घालावी. तोर्तिया रश्शात बुडविण्यापूर्वी तेलातून क्षणभर काढली म्हणजे ती ओलाव्याने फाटत नाही.

ह्यूस्टन, शिकागो किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी गृहिणीला या दोन्ही मिरच्या कोपऱ्यावरच्या मेक्सिकन दुकानात मिळतात. इकडे मात्र बेडगीकडे वळावे लागते, आणि ते वळणे अगदी उपरे नाही; कारण बेडगी गाव ज्या धारवाड जिल्ह्यात होते तो 1956 पर्यंत मुंबई राज्यातच मोडत असे, आणि रंगाला बेडगी, चवीला संकेश्वरी व झणक्याला लवंगी अशी वाटणी कोल्हापूर भागातील मसाला करणाऱ्या बायका आजही डोळे मिटून करतात. मिरचीची प्रत्येक जात कशासाठी, हा विवेक दोन्हीकडे सारखाच पक्व आहे. बेडगी आंचोहून तिखट असते, तिच्यात गरही कमी. म्हणून आखूड, फुगीर डब्बी जातीच्या बारा-पंधरा मिरच्या घेऊन त्यांचा गाभा अधिक काटेकोरपणे काढावा, लवंगीला जवळपासही येऊ देऊ नये, आणि आंचोचा गोडवा व दाटपणा भरून काढण्यासाठी वाटणात भिजविलेल्या सात-आठ काळ्या मनुका आणि भाजलेल्या तोर्तियाचा एक तुकडा घालावा. तयार रस्सा शीतकपाटात चार-पाच दिवस उत्तम राहतो.