स्मार्ट मीटर आधी कोणाच्या घरी?

देशभरातल्या 25 कोटी वीजग्राहकांचे मीटर बदलून तिथे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायचे, असे केंद्र सरकारने 2021 मध्ये ठरवले. महाराष्ट्रात महावितरणने 2023 मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे दिली. त्यावर ग्राहक संघटना आणि कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या आणि जून 2024 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे जाहीर करावे लागले. पुढे दारोदार येऊ लागले ते पोस्टपेड ‘टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर’, म्हणजे विजेचा वापर वेळेनुसार नोंदवणारे मीटर. हा मीटर स्मार्टच, बिल मात्र पूर्वीसारखे महिना संपल्यावर. तो घरात घ्यावा की नाही, याचे सर्वांसाठी एकच उत्तर देता येणार नाही. घरात वीज किती जळते आणि दिवसाच्या कोणत्या वेळी जळते, यावर ते ठरते. माझ्या मते भरपूर वीज वापरणाऱ्या घरांनी हा मीटर आनंदाने घ्यावा. दोन दिवे, पंखा आणि टीव्ही एवढाच संसार असलेल्या घरांत तो बसवण्याची घाई सरकारने करू नये.

या मीटरचे खरे काम वेळ नोंदवणे हे आहे. जुना मीटर महिन्याचे एकूण युनिट सांगतो. हा अर्ध्या किंवा पाव तासाचा हिशेब ठेवतो आणि तो मोबाइल नेटवर्कसारख्या जाळ्यातून वीज कंपनीकडे पाठवतो. रीडिंग घेणारा आला नाही म्हणून आलेले सरासरी बिल, दार बंद म्हणून चुकलेले रीडिंग, या रोजच्या कटकटी त्यामुळे संपू शकतात. हा फायदा लहानमोठ्या सर्व घरांना सारखाच आहे आणि तो कमी लेखू नये. पैशांचा फायदा मात्र सारखा नाही. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते आणि संध्याकाळी मागणी चढते, म्हणून सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै 2025 पासून युनिटमागे 80 पैसे सवलत लागू झाली. महिन्याला 350 युनिट वापरणाऱ्या घरात वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर दुपारी चालवता येते. फ्रिज तर चोवीस तास चालूच असतो. त्यातले 140 युनिट दिवसा गेले, तर त्या दराने 112 रुपये वाचतात. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराचे 30 युनिट दिवसा गेले, तर वाचतात 24 रुपये. आता खर्चाची बाजू पाहा. कंत्राटांनुसार देखभालीसह एका मीटरचा खर्च साधारण 12,000 रुपये पडतो. दहा वर्षांवर पसरला, तर व्याज न धरताही तो महिन्याला 100 रुपये होतो. केंद्राचे अनुदान महाराष्ट्रासारख्या राज्याला मीटरमागे 900 रुपयांच्या आसपास. मीटर ग्राहकाला मोफत असे सांगितले जाते, पण वीज कंपनीचा खर्च शेवटी वीजदरातूनच वसूल होतो. चोवीस रुपयांच्या सवलतीसाठी शंभर रुपयांचा बोजा, हा व्यवहार लहान घराच्या तोट्याचा आहे.

शिवाय केंद्राच्या 2023 च्या नियमांत गर्दीच्या वेळी दर चढा ठेवण्याचीही तरतूद आहे. मोठ्या घराला वॉशिंग मशीनची वेळ बदलता येते. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने संध्याकाळचा दिवा दुपारी कसा लावायचा? जर्मनीने नेमका हाच विचार केला. तिथे 2013 मध्ये सरकारसाठी झालेल्या अभ्यासात लहान ग्राहकांवर सक्ती परवडणारी नाही असे निघाले आणि पुढच्या कायद्यात वर्षाला 6,000 युनिटांच्या वर वापर असलेल्यांना स्मार्ट मीटर बंधनकारक झाला.

यावर वीज कंपन्यांचे म्हणणे असे, की चोरी आणि गळती कमी झाली की सर्वांचेच दर उतरतील. मुद्दा वजनदार आहे. पण तारेवर आकडा टाकून घेतलेली वीज घरच्या मीटरपर्यंत पोहोचतच नाही. ती पकडायची तर ट्रान्सफॉर्मरवर आणि फीडरवर चांगले मीटर हवेत. थकबाकीचे म्हणाल, तर तिचा मोठा डोंगर कृषिपंपांचा आहे, आणि शेतीच्या जोडण्या या योजनेतून वगळल्या आहेत. म्हणून आधी फीडर आणि ट्रान्सफॉर्मर, मग उद्योग, दुकाने आणि मोठे घरगुती ग्राहक, असा क्रम मला योग्य वाटतो.

मीटर जास्त पळतो, ही भीती बऱ्याच अंशी तपासून पाहता येते. फिरत्या चकतीचा मीटर झिजून मंदावतो आणि अगदी थोडा प्रवाह त्याला जाणवत नाही. नवा मीटर बंद टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सने ओढलेली वीजही मोजतो. त्यामुळे चकतीच्या मीटरनंतर बिल वाढले, तर ते चुकीचेच असेल असे नाही. तरीही केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांतल्या फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीनुसार रीडिंगबद्दल तक्रार आली, तर कंपनीने पाच दिवसांत जादा मीटर लावून किमान तीन महिने पडताळणी केली पाहिजे. हा हक्क फार थोड्यांना ठाऊक आहे. प्रीपेडबद्दलची भीती मला अधिक खरी वाटते. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की मीटर दुरूनच बंद करता येतो. ब्रिटनमध्ये गरीब ग्राहकांवर लादलेल्या प्रीपेड मीटरांचा प्रश्न इतका चिघळला, की फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या नियामकाला अशी सक्ती थांबवायला सांगावे लागले. अनामत ठेव वाचते एवढ्यासाठी आपल्याकडच्या हातावर पोट असलेल्या कुटुंबाने ही जोखीम घेऊ नये. तिसरी भीती खासगीपणाची: घर कधी रिकामे असते हेही अर्ध्या तासाच्या नोंदींतून कळू शकते. याच कारणाने नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने 2009 मध्ये सक्ती फेटाळली होती.

तेव्हा महिन्याचा वापर 300 युनिटांच्या वर असेल, तर पोस्टपेड स्मार्ट मीटर घ्या आणि जमतील ती कामे नऊ ते पाचमध्ये करा. मीटर बदलताना जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा, बदलल्याची पावती मागा आणि प्रीपेडला संमती देणाऱ्या कागदावर न वाचता सही करू नका. बिल खटकले, तर पडताळणीचा मीटर लेखी अर्ज करून मागा.