बिलंदर हानचं पूर्वायुष्य

1977 साली ‘स्टार वॉर्स’ पडद्यावर आला, तेव्हा हान सोलोला भूतकाळ नव्हता. खिळखिळं दिसणारं यान, केसाळ सोबती, डोक्यावर जब्बा या गुंडाचं देणं आणि जिभेवर मिजास, एवढ्या भांडवलावर हा तस्कर लोकांचा लाडका झाला. पुढच्या चाळीस वर्षांत त्याच्या उमेदवारीच्या दिवसांवर कादंबऱ्या आल्या, 2018 मध्ये सिनेमाही आला. त्या सगळ्यांवरून माझं मत पक्कं झालं आहे : अशा बिलंदराचं पूर्वायुष्य रंगतं ते त्यानं काय गमावलं हे दाखवल्यानं. त्याच्या आडनावाची नि यानाची कुळकथा सांगून ते रंगत नाही.

ब्रायन डेलीच्या तीन कादंबऱ्या 1979-80 मधल्या. त्यांत बालपण नाहीच. फाल्कन या आपल्या यानाच्या दुरुस्तीपायी हान एका सुटकेच्या भानगडीत गुंततो आणि अखेरीस तुरुंगाचा अख्खा मनोरा स्फोटानं आकाशात उडतो. झकास साहस आहे. पण मनात घर करतो तो तिसऱ्या पुस्तकातला गॅलँड्रो. समोरासमोर पिस्तूल उपसण्यात तो हानपेक्षा चपळ निघतो, आणि हान वाचतो तो कौशल्यानं नव्हे, नशिबानं. तिथे हान जवळचा वाटतो.

ए. सी. क्रिस्पिननं 1997-98 मध्ये लिहिलेली त्रयी मात्र मुळाशीच जाते. ‘द पॅरडाइज स्नेअर’मधला हान गॅरिस श्राइकच्या जहाजावर वाढलेला पोरका चोर आहे. त्याला माया लावते ती तिथली स्वयंपाकीण ड्यूलाना, केसाळ वूकी जमातीची एक म्हातारी. ती त्याला पाव भाजून घालते. तिच्यामुळेच त्याला वूकींची भाषा कळते. त्याला पळून जायला मदत करताना ती मारली जाते. पुढे च्युबाका या वूकीला, म्हणजे आपल्या भावी केसाळ सोबत्याला, वाचवण्यापायी हान साम्राज्याच्या नौदलातली नोकरी गमावतो, तेव्हा त्याचं कारण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तीच गत ब्रिया थॅरनची. जिच्यावर त्याचा जीव जडला, तीच साम्राज्याविरुद्धच्या बंडासाठी लुटीतला वाटा बळकावून त्याला तोंडघशी पाडते. ‘ध्येयबियेय आपल्याला नको’ हा हानचा बाणा त्या जखमेवरची खपली आहे. गंमत अशी की याच 1997 साली मूळ चित्रपटाच्या नव्या आवृत्तीत हानला पकडायला आलेल्या ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावून हानला सोज्वळ केलं गेलं. क्रिस्पिननं त्याचे हात धुऊन काढले नाहीत, ते मळले कसे हे सांगितलं. मला हाच प्रामाणिक मार्ग वाटतो.

यावर आक्षेप येतो की सगळं सांगितलं की गूढ संपतं. तो काही अंशी खरा आहे. 2018 च्या सिनेमात भरतीचा अधिकारी ‘सोलो’ हे आडनाव लिहून देतो, त्यानं काहीच साधत नाही. क्रिस्पिनही या मोहातून सुटलेली नाही : मूळ चित्रपटात हान केसेलच्या फेरीतल्या वेगाची बढाई पार्सेकमध्ये मारतो, पण पार्सेक हे अंतराचं माप, म्हणून तिनं त्या विक्रमाचं कोडं कृष्णविवरांजवळून काढलेल्या जवळच्या वाटेनं सोडवलं आहे. उकल चतुर आहे, पण त्रयीतला हा शेवटचा भाग, ‘रिबेल डॉन’, मिटल्यावर आठवतो तो ब्रियाचा मृत्यू. तुकडा जुळला की कुतूहल विझतं. दुःख कळलं की तोच जुना चित्रपट पुन्हा पाहावासा वाटतो, कारण पैसे घेऊन निघालेला हान ऐन लढाईत परत का फिरला, ते आता वेगळं दिसतं.

दुसरा आक्षेप, 2014 मध्ये ही पुस्तकं अधिकृत इतिहासातून वगळून ‘लेजंड्स’ ठरली, मग वाचायची कशाला? कादंबरीचा खरेपणा तिच्या पानांत असतो, हक्कधारकाच्या यादीत नव्हे. क्रिस्पिननं तर डेलीची साहसं आपल्या तिसऱ्या भागात मानानं सामावून घेतली. वाचायला घ्यायचं असेल तर ‘द पॅरडाइज स्नेअर’पासून घ्या, आणि ड्यूलानाच्या स्वयंपाकघरात घाई करू नका.