एसिस व गॅलाटिया : एक गोप-संगीतिका



चाळीस वर्षें मीं शाळेंत मुलांना शिकविलें. रोज सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं सारीं मुलें एका चालींत व एका सुरांत गात, आणि एखादा आवाज वेगळीकडे गेला कीं तो चुकला असें आम्ही धरीत असूं. अशा कानांना पाश्चात्त्यांचें समूहगान प्रथम ऐकतांना नुसता गोंधळ वाटावा यांत नवल नाहीं. मी संगीतज्ञ नव्हे. परंतु ज्या एका कृतीनें माझा हा गोंधळ दूर केला, तिची ओळख आज आपणांस करून द्यावी असें योजिलें आहे. ती कृति म्हणजे हँडेलची ‘एसिस व गॅलाटिया’ ही संगीतिका.

जॉर्ज फ्रेडरिक हँडेल हा १६८५ सालीं जर्मनींतील हाले या शहरीं जन्मला, पुढें लंडनमध्यें स्थायिक झाला, व १७५९ सालीं तेथेंच वारला. १७१८ सालीं, लंडनजवळील कॅनन्स नांवाच्या वाड्यांत जेम्स ब्रिजेस या धनाढ्य उमरावाच्या आश्रयास असतांना, त्यानें ही संगीतिका रचिली. पदें मुख्यत्वें जॉन गे या कवीचीं आहेत. कथा मात्र रोमन कवि ओव्हिड याच्या काव्यांतून घेतलेली, म्हणजे फारच जुनी.

सिसिली बेटांत, एटना पर्वताच्या पायथ्याशीं, एसिस नांवाचा तरुण मेंढपाळ व गॅलाटिया ही सागरकन्या यांची एकमेकांवर प्रीति जडलेली असते. पॉलिफेमस नांवाचा एकाक्ष राक्षसहि तिच्यावर लुब्ध होतो. ती त्याला झिडकारते, तेव्हां मत्सरानें तो एक प्रचंड शिळा एसिसच्या अंगावर टाकून त्याचा चुराडा करतो. गॅलाटिया देवयोनींतली असल्यामुळें ती आपल्या सामर्थ्यानें प्रियकराचें एका झऱ्यांत रूपांतर करते. कथा इतकीच आहे.

आजकाल ही संगीतिका पुष्कळदां सभागृहांतच होते. वेषभूषा नाहीं, देखावे नाहींत. पुढें वादक बसलेले, मागें गायकांचा वृंद उभा, आणि मुख्य गायक आपल्या पाळीला उठून गातात. हें अपुरें नाटक आहे असें समजूं नये. १७३२ सालीं खुद्द हँडेलनें लंडनच्या किंग्ज थिएटरांत ती सादर केली तेव्हां डोंगर, राया व कारंजीं यांचा देखावा होता, परंतु पात्रांनीं अभिनय करावयाचा नव्हता. सारी भिस्त कानांवर होती.

त्या कानांना काय सांपडतें? राक्षस येण्यापूर्वीं वृंद त्याच्या आगमनाची सूचना देतो. एक आवाज संथपणें एक ओळ उचलतो. ती संपण्यापूर्वींच दुसरा तीच ओळ घेऊन मागून येतो, मग तिसरा. एक स्वर लांबविलेला असतां दुसरा त्याला खेटून उभा राहतो, कानांस किंचित् टोंचतें, आणि मग पहिला स्वर खालीं उतरून वाट देतो. हें टोंचणें व सुटणें म्हणजेच येऊं घातलेल्या दुःखाची चाहूल. येथें आवाज चुकलेले नसतात. एकमेकांची वाट पाहत ते वेगवेगळ्या वाटांनीं चाललेले असतात.

नंतर राक्षसाचें प्रेमगीत. तो आपल्या प्रचंड तोंडाजोगी शंभर वेळूंची पावरी मागतो, आणि हँडेल त्याच्या खर्जाच्या आवाजाला साथ देतो ती इवल्याशा, बारीक सुराच्या बासरीची! ऐकणारा हंसतो, व हंसतां हंसतां भीति विसरतो. पुढें दोघे प्रेमी अढळ प्रेमाची शपथ वाहत असतां तोच आवाज खालून तुटक तुटक गुरगुरूं लागतो, तिघांचें गाणें एकाच वेळीं चालतें, आणि शिळा कोसळते.

यानंतर वृंद शोक करतो. कॅनन्सच्या मूळ रचनेंत समूहाच्या पांच ओळी आहेत : एक उंच स्वर, तीन उंच पुरुषस्वर व एक खर्ज. पात्रांचे आवाजहि तेच. यावरून अभ्यासकांचें असें मत आहे कीं तेथें निराळा वृंद नव्हताच. पात्रें झालेले पांच गायकच समूहगान गात. म्हणजे एसिसच्या शोकगानांत मेलेल्या एसिसचा आवाज होता, आणि त्याला मारणाऱ्या पॉलिफेमसचाहि होता. पुढें १७८८ सालीं व्हिएन्ना येथें मोझार्टनें या कृतींत क्लॅरिनेट, हॉर्न वगैरे वाद्यांची भर घातली, आणि आज मोठमोठे वृंदहि ती गातात. त्यामुळें एका घरचा शोक साऱ्या गांवाचा झाला.

माझ्या घरीं दुःखाचा प्रसंग आला तेव्हां समाचारास आलेल्या बहुतेक मंडळींनीं बसतां बसतांच ‘मास्तर, आतां आवरा’ असें म्हटलें. हेतु चांगला होता, परंतु त्या शब्दांनीं मी अधिकच एकटा झालों. एक वृद्ध शेजारी मात्र कांहीं न बोलतां जवळ बसून रडले, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनींच मला हाताला धरून फिरावयास नेलें. हँडेलचा वृंद त्या शेजाऱ्यासारखा आहे. तो आधीं स्वतः रडतो. मग गॅलाटिया विलाप करूं लागते, ओबोचा करुण सूर तिच्या सोबतीस असतो, आणि आतां कोठें वृंद तिला म्हणतो कीं शोक पुरे, तूं देवता आहेस, तुझें सामर्थ्य वापर. तिला एसिस परत मिळत नाहीं. जें करतां येतें तें ती करते, आणि बासऱ्या व तंतुवाद्यें पाण्यासारखीं हळुवार वाहूं लागतात.

कॅनन्सचा तो वाडा १७४७ सालीं पाडला गेला, गाणें राहिलें. तें ऐकण्याचा योग आला तर सगळे आवाज एकदम धरण्याची खटपट करूं नका. एकच धरा, अगदीं तळचा, खर्जाचा. आणि शोकगानांत तो काय गातो इकडे लक्ष द्या.