आईची तांब्याची कळशी

आज जपानच्या सुझुकींची आणि त्यांच्या लाल-पांढऱ्या क्रिस्टल रेड कोळंबीची गोष्ट सांगणार होतो. ती पुढच्या आठवड्यात. कारण नाशिककडच्या एका द्राक्ष बागायतदार वाचकांनी मला पेचात पकडलंय. ते वर्षानुवर्षं बागेवर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात. मोरचूद शेवाळ मारतं, गोगलगाय मारतं, हे त्यांना पाठ. आणि घरच्या टाकीतल्या कोळंबीच्या खाद्याच्या डब्यावर घटकांत बारीक अक्षरांत लिहिलेलं, ‘कॉपर सल्फेट’. म्हणजे मोरचूदच की! डबा फेकू का, असं विचारताहेत.

फेकू नका. आपल्या रक्तात लोह, तसं कोळंबीच्या रक्तात तांबं. त्या प्रथिनाचं नाव हिमोसायनिन. प्राणवायू घेतला की ते निळसर होतं, सोडला की बिनरंगी. (चेरी कोळंबीचा लाल रंग रक्ताचा नाही, कवचाखालच्या रंगपेशींचा.) तेव्हा तांबं तिला लागतंच, पण कणभर आणि अन्नातून. पाण्यात विरघळलेलं तांबं थेट कल्ल्यांवर जातं आणि तिच्या अंगातल्या क्षारांचा तोल बिघडवतं. मीठ आमटीत हवंच, म्हणून कुणी ते डोळ्यात घालत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एका पाडव्यानंतर चार दिवस गावाला गेलो होतो. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी झरझर उडतं, म्हणून आईला म्हटलं, रोज तांब्याभर पाणी घाल. नळाचं पाणी बादलीत मुरवून ठेवलं होतं. आईला ते शिळं वाटलं. तिनं रात्रभर कळशीत ठेवलेलं, घरच्यांना पाजतो तेच चांगलं पाणी घातलं. कळशी पाडव्यासाठी चिंच लावून लखलखीत घासलेली, म्हणजे धातू अगदी उघडा.

परत आलो तर गप्पी मजेत. गोगलगायी काचेवरून सुटून तळाशी, दारं मिटून. साठेक चेरींतल्या बऱ्याच मॉसमध्ये आडव्या, पोटाखालचे पाय नुसते थरथरताहेत. अकरा वाचल्या. आई अजूनही टाकीजवळ आली की आधी विचारते, “यांना कुठलं पाणी?”

माणसाच्या पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं जागतिक आरोग्य संघटनेला चालतं. त्याच्या दहाव्या हिश्शातही चेरीचा निकाल लागू शकतो. त्यातून आमचं धरणाचं पाणी मऊ, आणि मऊ पाण्यात तांबं जास्त चावतं. बोअरच्या जड पाण्यात थोडी सवलत मिळते. देशी बदामाचं पान टाकीत असेल तर त्याचा तपकिरी अर्कही थोडंफार तांबं बांधून ठेवतो. गीझरचं कोमट पाणी मात्र कधीच नको, आतला भाग तांब्याचा असू शकतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांतही तांबं असतं. बाटली वाचून घ्या, दुकानदाराच्या ‘काही होत नाही’वर जाऊ नका.

तर, बागायतदार साहेब, खाद्य बिनधास्त घाला, चिमूटभर. बागेतली द्राक्षाची पानं उकडून घालू का, असंही तुम्ही विचारलंय. फवारलेल्या बागेतली नकोतच. कुंपणाला तुती असेल आणि तिच्यापर्यंत फवारा जात नसेल, तर तिची घाला. आणि बोर्डो मारून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय टाकीत हात घालू नका.