तीन लाखांची रेघ

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात पूर्वी एक पत्र्याची पेटी असायची. दोन कुलपं, वर चीर, आणि भोवती सकाळपासून ताटकळलेली माणसं. अंगणवाडीची खोली असो की स्मशानशेड, कोरी निविदा विकत घ्यायची, बयाण्याची पावती जोडायची, लिफाफ्यावर लाख लावायची आणि तो मुदतीच्या आत पेटीत टाकायचा. कागदावर सगळं चोख. ‘फॉर्म संपलेत, उद्या या’ हे खिडकीतलं वाक्य मात्र कुठल्याच नियमात नव्हतं, आणि उद्या मुदत संपलेली असायची. कुणी किती दर भरायचा हेही पेटीपाशीच ठरे. त्याला ‘मॅनेज करणं’ म्हणतात. मराठी प्रतिशब्दाची गरज कुणाला वाटली नाही.

छोट्या माणसासाठी सरकारने आधी शोधली ती वाट वाटपाची. ३३:३३:३४ हे गुणोत्तर बांधकाम विभागातल्या शिपायालाही पाठ असतं: सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था, आणि उरलेले खुले ठेकेदार. ठरावीक रकमेपर्यंतचं काम पहिल्या दोघांना स्पर्धेशिवाय. काम वाटप समितीत चिठ्ठी निघाली की हातात शिफारसपत्र. नुकती पदविका घेतलेल्या कितीतरी मुलांना पहिलं काम असंच मिळालं. त्यांच्यातल्या काहींच्या नावावर खडी दुसऱ्याच कुणी टाकली, हेही गावाला ठाऊक असतं.

मग ई-निविदा आली. २०१४ च्या अखेरीस तिची मर्यादा ३ लाखांवर उतरली; त्यावरचं काम ई-निविदेशिवाय नाही. पेटी गेली, डिजिटल सहीचं डोंगल आलं. शेजारच्या तालुक्यातला ठेकेदारही रात्री घरी बसून दर भरू लागला. मला हा बदल मनापासून आवडला होता. पण दर इतके ‘बिलो’ जाऊ लागले की फार खाली भरणाऱ्याकडून जादा अनामत घ्यायची अट घालावी लागली.

शिवाय रेघ ओढली की अंदाजपत्रकं तिला येऊन टेकतात. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला आणि छोट्या कामांचा पाऊस पडला. ‘मारुती मंदिर ते पाण्याची टाकी’, २ लाख ९९ हजार. ‘पाण्याची टाकी ते शाळा’, तेही २ लाख ९९ हजार. रस्ता एक, रोलर एक, ठेकेदार कागदावर दोन, मोजमाप पुस्तकातल्या नोंदीही दोन. पुढे मर्यादा १० लाखांपर्यंत वाढली. ३ लाखांत सिमेंट-सळईच्या भावाने धड गटारही होत नव्हतं, त्यामुळे ती वाढणं रास्तच होतं. तुकडे तेवढे मोठे झाले.

टाकीपाशी, दोन कामांच्या सांध्यावर, पहिल्याच पावसात खड्डा पडला. दोषदायित्वाची मुदत दोन्ही कामांची चालू होती. खड्डा नक्की कोणत्या कामात मोडतो, हे विचारणारं पत्र पंचायत समितीत फिरत राहिलं. शेवटी सरपंचांनी दोन ब्रास मुरूम स्वतःच्या ट्रॉलीतून आणून टाकला.