इंडोनेशियाचे तिखट ‘साते’ : कुंभकोणमच्या जिनसांतून घरच्या घरी

इंडोनेशियातील रस्त्यारस्त्यांवर मिळणारे ‘साते’, म्हणजे बांबूच्या काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे, हा पदार्थ आता भारतीय शहरांतील उपाहारगृहांमध्येही परिचित झाला आहे. घरी तो करायचा तर परदेशी मसाले लागतील, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यासाठी लागणारे बहुतेक जिन्नस कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम् शहरासारख्या ठिकाणच्या साध्या बाजारपेठेत मिळतात. धणे, हळद, चिंच, लाल मिरची, शेंगदाणे, नारळ, गूळ आणि छोटे कांदे हाच या पदार्थाचा पाया आहे.

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेल्या कुंभकोणमचा परिसर आग्नेय आशियाला नवखा नाही. येथून जवळच असलेले पळैयारै हे चोळ राजांचे महत्त्वाचे नगर होते. राजेंद्र चोळ याच्या आरमाराने इसवी सन 1025 च्या सुमारास सुमात्रा बेटावरील श्रीविजय साम्राज्यावर स्वारी केली. सुमात्रातील बारूस येथे तमिळ व्यापारी संघाचा 1088 सालचा शिलालेख सापडला आहे. आज ओळखला जाणारा साते हा पदार्थ मात्र पुष्कळ अलीकडचा असून, तो 19 व्या शतकात जावा बेटावर रूढ झाला, असे मानले जाते. मुस्लिम व्यापाऱ्यांसोबत आलेल्या कबाबांचा त्यावर प्रभाव असावा, असे मत आहे. मांस या अर्थाच्या ‘सदै’ या तमिळ शब्दापासून ‘साते’ हे नाव आले असावे, असेही एक मत मांडले जाते; त्यावर एकवाक्यता नाही.

या भागाचे मराठीशी असलेले नातेही जुने आहे. तंजावरवर 17 व्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1855 पर्यंत भोसले घराण्याचा अंमल होता. बडोदा संस्थानचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म 1828 मध्ये कुंभकोणम येथील मराठी कुटुंबात झाला. सरफोजी राजे दुसरे (1798 ते 1832) यांच्या दरबारातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या मराठी ग्रंथात सामिष पदार्थांबरोबर इंग्रजी पदार्थांच्या कृतीही नोंदवलेल्या आहेत. परक्या पदार्थाला आपल्या स्वयंपाकघरात स्थान देण्याची रीत येथे दोनशे वर्षांपूर्वीही होती, हे यावरून स्पष्ट होते.

मसाला आणि मुरवण

चार जणांसाठी कोंबडीचे हाडे काढलेले अर्धा किलो मांस पुरते. छातीपेक्षा मांडीचे मांस घेणे अधिक चांगले. त्यात चरबी अधिक असल्याने प्रखर आचेवरही ते कोरडे पडत नाही. साधारण अडीच सेंटिमीटरचे सारखे तुकडे करावेत, म्हणजे सर्व एकाच वेळी शिजतात.

छोटे कांदे 10, लसणाच्या पाकळ्या 4, भिजवलेल्या सुक्या लाल मिरच्या 6 ते 8, दोन चमचे धणे, एक चमचा जिरे, अर्धा चमचा हळद, गवती चहाच्या एका काडीचा खालचा कोवळा भाग आणि बोटाच्या पेराएवढे कुलिंजन बारीक वाटावे. कुलिंजन न मिळाल्यास आले चालते. या वाटणात एक चमचा चिंचेचा कोळ, एक चमचा गूळ, एक चमचा तेल आणि मीठ घालून ते मांसाला चोळावे. भांडे झाकून दोन ते चार तास शीतकपाटात ठेवावे. मिठामुळे मांसातील ओलावा टिकतो. मात्र चिंचेच्या आंबटपणामुळे मांस फार काळ मुरवल्यास त्याचा पोत बिघडतो.

बांबूच्या काड्या किमान अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, अन्यथा त्या मांसाआधी जळतात. प्रत्येक काडीवर चार-पाच तुकडे ओवावेत.

निखारे आणि दक्षता

लोणारी कोळशावर राखेचा पांढुरका थर आल्यावरच काड्या ठेवाव्यात. ज्वाळेवर भाजल्यास मसाल्यातील गूळ करपतो आणि आत मांस कच्चे राहते. दर दोन मिनिटांनी काड्या फिरवत आणि तेल लावत 8 ते 10 मिनिटे भाजावे. शेगडी नसल्यास बिडाच्या तव्यावरही साते करता येतात. फक्त धुराचा वास येत नाही.

कोळशाची शेगडी बंद खोलीत किंवा दारे-खिडक्या लावलेल्या स्वयंपाकघरात कधीही पेटवू नये. पावसाळ्यात ती घरात आणण्याचा मोह होतो, पण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. त्यामुळे धोका लक्षात येण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध पडू शकतो आणि त्याचा प्राणही जाऊ शकतो. अंगण किंवा मोकळी गच्ची हीच त्याची योग्य जागा होय. विझत आलेली शेगडीही घरात ठेवू नये.

मांसाच्या आतील तापमान 74 अंश सेल्सिअस झाले की ते सुरक्षित समजले जाते. तापमापक नसल्यास सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा. आत कच्चेपणा दिसल्यास पुन्हा भाजावे. रंगावरून मात्र पूर्ण खात्री होत नाही. कच्चे मांस ठेवलेल्या ताटात भाजलेल्या काड्या ठेवू नयेत आणि मुरवणीचा उरलेला मसाला उकळल्याशिवाय वापरू नये. कच्चे मांस नळाखाली धुतल्यास शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर पसरतात, म्हणून ते टाळावे. तामिळनाडूतील उन्हाळ्यात, पारा 32 अंशांच्या वर असताना, शिजवलेले मांसही एका तासाहून अधिक बाहेर ठेवणे योग्य नाही.

शेंगदाण्याची चटणी

भाजलेले दीडशे ग्रॅम शेंगदाणे जाडसर कुटावेत. चार-पाच लाल मिरच्या आणि तीन लसूणपाकळ्यांचे वाटण तेलात परतून त्यात शेंगदाणे, एक वाटी नारळाचे दूध, दोन चमचे गूळ, एक चमचा चिंचेचा कोळ आणि मीठ घालावे. इंडोनेशियात यासाठी गोड सोया सॉस वापरतात. साध्या सोया सॉसमध्ये गूळ विरघळवून त्याची उणीव भरून काढता येते. मंद आचेवर तेल सुटेपर्यंत ढवळावे. बुरशी आलेले किंवा कडवट शेंगदाणे टाकून द्यावेत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तींना हा पदार्थ देऊ नये.

इंडोनेशियातही साते एकच नाही. मदुरा बेटावरील विक्रेत्यांचे साते शेंगदाण्याच्या चटणीसाठी, तर सुमात्रातील पदांगचे साते तिखट पिवळ्या रश्शासाठी ओळखले जातात. कुंभकोणममधील अनेक मराठी कुटुंबे शाकाहारी आहेत. त्यांना हाच मसाला पनीर किंवा अळिंब्यांना लावता येईल. तेथे केळीच्या पानात शिजवलेला भात सोबत देतात. कावेरीकाठी केळीचे पान शोधावे लागत नाही, आणि भातही घरचाच असतो.